भरल्या पिंपातला थेंब

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, बँडमध्ये माझा कीबोर्ड असला काय नि नसला काय, कुणाला पत्ताच लागत नाही." तेव्हा कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, म्हणून काही बोलले नाही. आता लिहिते.

पिंक फ्लॉइड हा इंग्लिश रॉक बँड म्हटला की तुम्ही मुलं बासवाला वॉटर्स थोर की गिटारवाला गिल्मर यावरून भांडता. त्यांच्या कीबोर्डवाल्या रिचर्ड राइटचं नाव कुणी काढत नाही. पण १९७१ चं 'एकोज' लाव. सुरुवातीला एकच सूर येतो, रात्री नळाचा थेंब भरल्या पिंपात पडावा तसा. तो राइटचा पियानो, लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरमधून काढलेला. तेवीस मिनिटांचं गाणं त्या थेंबातून निघालंय. 'अस अँड देम'ची चाल त्याने पियानोवर एका सिनेमासाठी बांधली होती. दिग्दर्शकाने ती नको म्हटलं, आणि १९७३ मध्ये ती बँडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या अल्बमवर आली.

सहा वर्षांनी, 'द वॉल' या अल्बमचं काम चालू असताना, त्याला बँड सोडायला लावलं. वॉटर्सची तक्रार होती की हा काही करतच नाही. तक्रार अगदीच खोटी नव्हती हं. घरी बिनसलं होतं, हातून फारसं काही होत नव्हतं. तरी पुढच्या दौऱ्यात तो वाजवायला आला, पगारी वादक म्हणून! स्टेजवर रोज भिंत उभारायची आणि पाडायची ही हौस इतकी महागात पडली की मालक तिघे तोट्यात, आणि कमाई झाली ती एकट्या राइटची. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा एकटीच हसत बसले होते.

१९८३ चा 'द फायनल कट' हा अल्बम त्याच्याशिवाय निघाला. तोही ऐक. शब्द धारदार आहेत, पण मला तरी खिडक्या बंद केलेल्या खोलीत बसल्यासारखं होतं.

पुढे तो परत आला, आधी पगारावरच. २००८ मध्ये गेला. त्यानंतर त्याच्याविना 'एकोज' वाजवायचं नाही, असं गिल्मरने ठरवलं.

दिवाळीला येशील तेव्हा कीबोर्ड आण. हेडफोन राहू देत तिकडेच. खालच्या काकूंना मी सांगून ठेवते.

तुझी,
आई