जुनी इम्पोर्टेड कूपे घेताय? टोकन नंतर, चौकशी आधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या वाहन पुरवणीत मध्यंतरी जुन्या आयात स्पोर्ट्स गाड्यांवर लेख आला होता, नव्या एसयूव्हीच्या पैशात दोन दारांची जर्मन कूपे वगैरे. वाचला, आवडला, आणि त्यातली गोष्ट खोटी नाहीये. एकेकाळी चाळीस लाखांच्या पुढे विकली गेलेली ऑडी टीटी आज खरंच नव्या क्रेटाच्या किमतीत नाहीतर त्याच्याही खाली मिळते. पण त्या अख्ख्या पानात घ्यायच्या आधी काय बघायचं, कुठे शोधायचं, कोणाला विचारायचं यावर एक ओळ नव्हती. ह्या गाड्या बघणारी बरीचशी मुलं पंचविशी-तिशीतली आहेत, साठवलेले पैसे आणि वर पर्सनल लोन काढून उतरतायत, आणि एजंटने व्हॉट्सॲपवर फोटो टाकला की त्यांचं मनात ठरूनच जातं. मग टोकन आधी जातं आणि चौकशी नंतर सुरू होते. हा क्रम उलटा व्हावा म्हणून हे पत्र लिहितोय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझा भाचा सध्या २००९ ची टीटी बघतोय, पुण्यातच. मी गाड्यांच्या कामात बरीच वर्षं काढली म्हणून तो "मामा, तू चल ना बघायला" म्हणत मागे लागला, आणि मी त्याला म्हटलं गाडी बघायला अजिबात जायचं नाही, आधी घरी बसून अभ्यास. कारण ती गाडी समोर आली की कोणाचंही डोकं चालत नाही हो, त्या मागच्या गोल उताराकडे बघतच राहावंसं वाटतं. १९९८ ला पहिली टीटी आली तेव्हापासून हे असंच आहे. भाचा बघतोय ती दुसऱ्या पिढीची, २००६ ला बाजारात आलेली, २०१४ पर्यंत चाललेली. आणि २०२३ च्या नोव्हेंबरात हंगेरीतल्या ग्योर कारखान्यातून शेवटची टीटी बाहेर पडली, म्हणजे आता मॉडेलच बंद आहे. पार्टचा विचार करताना हे डोक्यात ठेवायचं.

सगळ्यात आधी कागद. माणसं इंजिनच्या आवाजावर तासभर बोलतात आणि आरसी उलटून बघत नाहीत. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे २००९-१० च्या गाडीची मुदत संपलेली आहे, मग ती रिन्यू झालीय का, झाली असेल तर कधीपर्यंत, हा पहिला प्रश्न. एप्रिल २०२२ पासून ह्या रिन्यूअलची फी साध्या कारला ५,००० रुपये झाली, पण आयात चारचाकीला ४०,००० रुपये. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये २० वर्षांच्या पुढच्या गाड्यांसाठी तेच दर दुप्पट केले, साध्या कारला १०,००० आणि आयात गाडीला ८०,०००. वर आपल्या राज्यात पर्यावरण कर वेगळा, फिटनेस तपासणी वेगळी, नवी नंबरप्लेट लावायची ती वेगळी. आरसीवर गाडी इम्पोर्टेड म्हणून नोंदलेली असेल तर एजंट सांगतो त्या किमतीत हे धरलंय का ते स्पष्ट विचारायचं, "सर वो हो जायेगा" हे उत्तर धरायचं नाही.

दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर अजून जपून. दिल्लीकडे १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधन आल्यामुळे तिकडून चांगल्या दिसणाऱ्या गाड्या स्वस्तात इकडे येतात आणि एजंट 'एनओसी मिळेल' एवढंच सांगतो. एनओसी म्हणजे फॉर्म २८, तो हातात असल्याशिवाय पैसे नाही. इकडे आणल्यावर बारा महिन्यांच्या वर ठेवायची तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावाच लागतो आणि तेव्हा एकरकमी कर भरावा लागतो, आयात गाडीला आपल्याकडे तो दर २० टक्के आहे, गाडीच्या वयाप्रमाणे कमी होतो हे खरं पण आकडा आरटीओतून काढून आणल्याशिवाय हिशोब पूर्ण होत नाही. गाडीवर कर्ज होतं का, फेडलं असेल तर आरसीवरून बँकेचं नाव उतरलंय का, हे सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून पाच मिनिटात दिसतं, इन्शुरन्स चालू आहे का तेही दिसतं. दुकानातून घेत असाल तर एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, ते बघायला मागा, मागायला लाजायचं काही कारण नाही.

कंपनीने इथे अधिकृत विकलेल्या टीटीत आयात कायदेशीर होती का हा प्रश्न तसा येत नाही, पण ह्याच नादात मुलं पुढे जुन्या सुप्रा, स्कायलाइन असल्या खाजगी आणलेल्या जपानी स्पोर्ट्स गाड्यांकडे वळतात, तिथे फार मोठा धोका आहे. वापरलेली गाडी आणायची तर आपल्या नियमाप्रमाणे ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, उजव्या हाताचं स्टिअरिंग लागतं आणि ती फक्त मुंबई बंदरातूनच येऊ शकते. त्यामुळे १९९५ ची गाडी २००८ ला भारतात पहिल्यांदा नोंदली असं आरसीवर दिसलं तर ती कुठल्या सवलतीत आणि कशी आली याचे कस्टम्सचे कागद, बिल ऑफ एंट्री, मूळ प्रत दाखवा म्हणायचं. २०२५ च्या सप्टेंबरात केरळात कस्टम्सने भूतानमार्गे आणलेल्या गाड्यांवर मोठी कारवाई केली, ऑपरेशन नुमखोर नावाने, तेव्हा गाड्या ज्यांच्या दारात उभ्या होत्या त्यांच्याकडूनच उचलल्या. शेवटी भोगतो तो ज्याच्याकडे गाडी सापडते तो.

आता चासी नंबर. सतरा अक्षरं-आकडे, ह्यात गाडीची अर्धी कुंडली असते आणि हे काम घरबसल्या होतं. ग्योरला बनलेल्या टीटीचा नंबर टीआरयू ने सुरू होतो, मधे ८जे येतं ती दुसऱ्या पिढीची खूण, आणि दहावं अक्षर मॉडेल वर्ष सांगतं, ८ म्हणजे २००८, ९ म्हणजे २००९, ए म्हणजे २०१०, बी म्हणजे २०११. जाहिरातीत २०११ म्हटलंय आणि दहाव्या जागी ९ आहे तर विकणाऱ्याने नोंदणीचं साल सांगितलंय, बनावटीचं नाही, आणि किमतीत त्याचा फरक पडला पाहिजे. आरसीवरचा, काचेखालचा, आणि डिकीतल्या स्टिकरवरचा नंबर एकच आहे ना हे जुळवायचं. त्या स्टिकरवर बारीक अक्षरात कोड असतात, गाडी कारखान्यातून कुठलं इंजिन, कुठला गिअरबॉक्स, कुठलं सस्पेन्शन घेऊन निघाली ते सगळं त्यात. आणि हाच नंबर घेऊन अधिकृत वर्कशॉपला विचारलं तर जॉबकार्डं, म्हणजे तिथे झालेल्या कामाच्या नोंदी, निघतात, विकणाऱ्याची परवानगी मागतात बहुतेक, मग त्याच्याकडूनच ती लेखी घ्यायची. भाच्याला एका विक्रेत्याने चासी नंबर द्यायला साफ नकार दिला, "टोकन द्या मग देतो" म्हणाला. आम्ही ती गाडी तिथेच सोडली.

इंजिन कुठलं ते कळल्याशिवाय किंमत बोलायचीच नाही कारण प्रत्येकाची दुखणी वेगळी. ३.२ लिटरचं सहा सिलिंडर, २५० हॉर्सपॉवर, टर्बो नाही, आवाज तर काय सांगू, पण त्याची टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी) गिअरबॉक्सच्या बाजूला आहे आणि ती ताणली गेली की बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे पार्टपेक्षा मजुरी भारी. २.० टीएफएसआय, म्हणजे टर्बोवालं पेट्रोल इंजिन, त्यात दोन प्रकार आहेत. आधीच्या २०० हॉर्सपॉवरवाल्यात टायमिंगचा पट्टा आहे, रबराचा, आणि इथे लोक फसतात, कारण गाडी वीस-पंचवीस हजारच चाललीय म्हणून कोणी पट्टा बदललेला नसतो, पण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं, आणि पट्टा तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेडच जातं. त्याच इंजिनात हाय प्रेशर पेट्रोल पंप आणि कॅमशाफ्ट यांच्या मधे एक छोटीशी टोपी असते, कॅम फॉलोअर, काहीशे किंवा हजार-दोन हजाराचा पार्ट, ती झिजून भोक पडलं की कॅमशाफ्ट आणि पंप दोन्ही खाते. पंपाचे तीन स्क्रू काढले की दिसते, घ्यायच्या आधी ती काढून दाखवा असा आग्रह धरायचा म्हणजे धरायचाच. नंतरच्या २११ हॉर्सपॉवरवाल्यात पट्ट्याऐवजी चेन आली पण ते ऑइल पितं, आणि चेन ताणून धरणारा टेन्शनर जुन्या नमुन्याचा असेल तर तो बदललाय का ते जॉबकार्डात शोधायचं. थेट इंजेक्शनमुळे इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन दोघांतही बसतो.

एस ट्रॉनिक, म्हणजे ऑडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर ६०,००० किमीला बदलायचं असतं, क्वात्रो (चारही चाकांना ताकद देणारी) असेल तर मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या हॅल्डेक्स क्लचचं ऑइल वेगळं. ही दोन बिलं नाहीत तर काम झालेलं नाही असंच समजायचं.

बॉडीचं एक खास सांगतो कारण चांगल्या गॅरेजवाल्यांनाही हे माहीत नसतं. आपल्याकडे पुट्टी शोधायला लोक खिशातून चुंबक काढून पत्र्याला लावतात. ह्या टीटीचा पुढचा भाग, बॉनेट, फेंडर, छप्पर हे ॲल्युमिनियमचं आहे, दरवाजे आणि डिकीचं झाकण स्टीलचं. म्हणजे बॉनेटला चुंबक चिकटलं नाही म्हणून पुट्टी आहे असं होत नाही, आणि उलट फेंडरला चिकटलं तर तो फेंडर मूळचा नाही! रंगाची जाडी मोजायचं मीटर आणायचं, ॲल्युमिनियमवर चालणारं. आणि पुढून ठोकलेली टीटी कोपऱ्यावरच्या डेंटिंगवाल्याकडे सरळ होत नाही, ॲल्युमिनियमचं वेल्डिंग आणि ओढकाम वेगळं असतं, त्यामुळे अपघाताच्या दुरुस्तीचं बिल कोणाचं आहे ते महत्त्वाचं.

बाकी गाडीवर पोचल्यावर, इंजिन थंड असताना चालू करायला लावायचं, आधीच गरम करून ठेवली असेल तर परत यायचं. दार उघडताना काच थोडी खाली येते का, बटण दाबून मागचा स्पॉयलर वर येतो का, टायरवरचे शेवटचे चार आकडे बघायचे, आठवडा आणि साल, नक्षी पूर्ण असून टायर नऊ वर्षांचे निघतात. मॅग्नेटिक राइड (विजेवर कडक-मऊ होणारं सस्पेन्शन) असेल तर चारही डॅम्पर, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, लिफ्टवर घेऊन बघायचे, गळती असेल तर तो खर्च किमतीतून वजा. स्कॅनर लावून फॉल्ट बघायचे, आणि काहीच फॉल्ट नाही पण आतल्या तपासण्या 'अपूर्ण' दाखवतायत तर कोणीतरी नुकतंच सगळं पुसलंय. गाडी बनली तेव्हा इ२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल कोणी गृहीत धरलेलं नव्हतं, तेव्हा पेट्रोलच्या नळ्या आणि पंप यासाठी पैसे बाजूला ठेवावेत.

पार्टबद्दल उगाच घाबरवणार नाही, उलट एक चांगली गोष्ट आहे. टीटी ज्या प्लॅटफॉर्मवर आहे त्याच्यावरच आपली स्कोडा लॉरा होती, त्यामुळे बुश, बेअरिंग, ब्रेकचं बरंचसं सामान लॉराचं चालतं आणि ते पुण्यात-मुंबईत सहज मिळतं. मागचे लाइट, काचा, ॲल्युमिनियमचे पत्रे, स्पॉयलरची मोटर हे मात्र फक्त टीटीचं, त्याचे भाव आणि येण्याची मुदत आधी फोन करून विचारून ठेवा. इन्शुरन्सचंही कोटेशन आधीच घ्या, इतक्या जुन्या आयात गाडीला फुल इन्शुरन्स द्यायला सगळ्या कंपन्या तयार नसतात.

एक गोष्ट मात्र खरेदीदाराने कितीही अभ्यास केला तरी सापडत नाही, आणि पत्र लिहायचं मुख्य कारण तेच. पुरात बुडालेल्या गाड्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला, २०१५ च्या डिसेंबरात चेन्नई बुडालं, अशा वेळी विमा कंपन्या गाड्या टोटल लॉस करतात, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही म्हणून पूर्ण नुकसान धरून दावा देतात, भंगाराच्या भावात त्या विकल्या जातात, आणि कोणीतरी सुकवून, सीट बदलून, दुसऱ्या राज्यात नेऊन परत विकतं. टीटी तर जमिनीला टेकलेली गाडी, गुडघाभर पाण्यातही तिच्या आत पाणी जातं. आपण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ बघतो, सीटखालच्या बोल्टचा गंज बघतो, कार्पेट उचलतो, पण हुशार माणूस ते सगळं बदलतो. कायमची निकामी झालेली गाडी मालकाने १४ दिवसात आरटीओला कळवायची असं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ मधे आहेच. पण विम्याच्या कागदावर टोटल लॉस झालेली आणि दुरुस्त करून परत रस्त्यावर आलेली गाडी नंबर टाकल्यावर घेणाऱ्याला सरळ दिसत नाही. ज्या पोर्टलवर कर्ज दिसतं, विमा दिसतो, तिथेच 'टोटल लॉस दावा दिलेला आहे, अमुक साली' एवढी एक ओळ यायला काय हरकत आहे? माहिती विमा कंपनीकडे आहेच.

तर माझ्या दोन मागण्या आहेत. परिवहन खात्याने आणि विमा नियामकाने मिळून ही नोंद सगळ्यांना दिसेल अशी करावी, आणि तुम्ही तुमच्या वार्ताहराला ह्याच्या मागे लावावं. दुसरी तुमच्याकडे, जुन्या आयात गाडीवर पुढचा लेख छापाल तेव्हा शून्य ते शंभरच्या वेगाच्या आकड्याशेजारी रिन्यूअलची फी, कराचा दर आणि त्या मॉडेलची ठरलेली दुखणी यांची चौकट द्या. भाच्याचं अजून ठरलेलं नाही, दोन गाड्यांची जॉबकार्डं यायची आहेत.

आपला,
एक नेहमीचा वाचक, पुणे