कृष्णवर्णीय चित्रकारांची मुद्राचित्रं: लिलावाच्या बातमीत न मावणारी गोष्ट

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय: रविवार पुरवणीत मुद्राचित्रांना, म्हणजे ठसा, पत्रा किंवा दगडावर चित्र घडवून कागदावर काढलेल्या छाप्यांना, जागा मिळावी याबद्दल.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चित्रकारांची नावं मराठी वृत्तपत्रांत येतात ती बहुतेक वेळा लिलावाच्या निमित्ताने. मे २०१७ मध्ये झाँ-मिशेल बास्किया यांचं एक चित्र न्यूयॉर्कमध्ये ११ कोटी ५ लाख डॉलरला गेलं. पुढच्याच वर्षी केरी जेम्स मार्शल यांच्या 'पास्ट टाइम्स'ला २ कोटी ११ लाख डॉलर मिळाले. शिकागोच्या एका सार्वजनिक संस्थेने ते चित्र १९९७ साली २५ हजार डॉलरला घेतलं होतं. अमेरिकेत चित्राच्या पुनर्विक्रीत चित्रकाराचा वाटा धरत नाहीत. त्यामुळे या वाढलेल्या किमतीतलं काहीही मार्शल यांच्या पदरात पडलं नाही.

असे आकडे छापू नका, असं मी म्हणत नाही. पण तेवढंच वाचून वाचकाचा समज होतो की ही कला मुळातच धनिकांच्या भिंतीसाठी आहे. प्रत्यक्षात या समाजातल्या मोठमोठ्या चित्रकारांनी आपलं उत्तम काम कागदावरच्या छाप्यांत केलं, आणि ते साध्या माणसाच्या घरात जावं म्हणून केलं. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, आठवी-नववीच्या मुलांच्या हातात लिनो (छाप्यासाठी कोरायचा मऊ लिनोलियमचा तुकडा) आणि कोरणी दिली. त्यामुळे या विषयाबद्दल मला आस्था आहे आणि गप्प बसवत नाही.

एलिझाबेथ कॅटलेट यांच्यापासून सुरुवात करतो. १९१५ साली वॉशिंग्टनला जन्म. आजी-आजोबा गुलामगिरीतून आलेले. पिट्सबर्गच्या कार्नेगी तंत्रसंस्थेने त्या कृष्णवर्णीय म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. पुढे १९४१ च्या सुमारास त्या न्यू ऑर्लिन्सच्या डिलर्ड विद्यापीठात शिकवत होत्या, तेव्हा शहरातल्या डेल्गाडो संग्रहालयात पिकासोचं प्रदर्शन लागलं. संग्रहालय ज्या बागेत होतं, त्या बागेत कृष्णवर्णीयांना पाऊल टाकायला बंदी होती. बाईंनी संग्रहालय बंद असण्याचा दिवस ठरवून घेतला आणि विद्यार्थ्यांची बस थेट दाराशी नेऊन लावली. कलेचे विद्यार्थी, पण त्यांतल्या बहुतेकांनी त्याआधी संग्रहालय आतून पाहिलंच नव्हतं. ज्या समाजाला संग्रहालयाच्या वाटेवरूनही चालता येत नव्हतं, त्याच्यासाठी चित्र काढायचं तर कोणत्या माध्यमात काढायचं? मला वाटतं, बाईंची पुढची सगळी कारकीर्द या प्रश्नाचं उत्तर आहे.

१९४६ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन त्या मेक्सिकोला गेल्या आणि 'तायेर दे ग्राफिका पोपुलार' या मुद्राचित्रकारांच्या सामुदायिक कार्यशाळेत दाखल झाल्या. १९३७ साली सुरू झालेल्या या कार्यशाळेत कामगार संघटनांची भित्तिपत्रकं, साक्षरता मोहिमेची चित्रं, पत्रकं असं सगळं होत असे. कच्चं काम सगळ्यांसमोर ठेवायचं आणि सगळ्यांनी मिळून त्याची चिकित्सा करायची, असा तिथला शिरस्ता. लिनो स्वस्त, कागद स्वस्त, छापे भरपूर. तिथे बाईंनी कृष्णवर्णीय स्त्रीच्या जीवनावर १५ लिनोकटांची मालिका केली. त्यात शेतात राबणारी, दुसऱ्यांच्या फरश्या पुसणारी, बसमध्ये वेगळ्या ठेवलेल्या बाकावर बसलेली बाई आहे. गुलामांना पळवून नेऊन मुक्त करणाऱ्या हॅरिएट टबमन आहेत, कवयित्री फिलिस व्हीटली आहेत. चित्रांखालची वाक्यं प्रथमपुरुषी आहेत, म्हणजे सगळ्या मिळून एकच बाई बोलते आहे असं वाटतं.

त्यांचं १९५२ चं 'शेअरक्रॉपर' मात्र सावकाश पाहण्यासारखं आहे. दुसऱ्याचं रान वाट्याने कसणारी एक उतारवयाची बाई. डोक्यावर रुंद काठाची गवती टोपी. अंगातल्या जॅकेटचं बटण गेलेलं, तिथे सेफ्टी पिन लावलेली. आपण तिच्याकडे किंचित खालून पाहतो, आणि ती आपल्याकडे न पाहता दूर कुठेतरी पाहते. लिनोत जे कोरून काढाल ते पांढरं राहतं आणि जे ठेवाल तिथे शाई लागते. म्हणजे या चेहऱ्यावरचा उजेडाचा एकूण एक कण कोरणीने काढलेला आहे. टोपीवरचे फटकारे विणीच्या दिशेने जातात, गालावरचे हाडाच्या वळणाने, मानेवरचे ताणलेल्या शिरांच्या रेषेत. एकदा चुकीचं कोरलं की लिनो परत भरता येत नाही. हे ज्याने करून पाहिलंय त्याला त्या गालाच्या चार रेषांपुढे हात जोडावेसे वाटतील. आणि ती पिन! दारिद्र्य दाखवायला बाईंना तेवढी एक पिन पुरली. बाकी सगळा चेहरा ताठ मानेचा आहे.

१९६२ मध्ये कॅटलेट मेक्सिकोच्या नागरिक झाल्या. त्यानंतर अमेरिकेने त्यांना 'नकोशी परकी व्यक्ती' ठरवून व्हिसा नाकारला. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या स्टुडिओ म्युझियममधल्या स्वतःच्या प्रदर्शनासाठी त्यांना मायदेशी यायला मिळालं ते १९७१ मध्ये.

त्यांच्याही आधी फिलाडेल्फियात डॉक्स थ्रॅश काम करत होते. महामंदीच्या काळात अमेरिकन सरकारने बेकार कलावंतांना पगारी काम दिलं, त्यातल्या एका मुद्रण कार्यशाळेत ते होते. लिथोग्राफीत (लिथोत) दगडावर चित्र काढून त्यावरून छापतात, आणि तो दगड घासायला कार्बोरंडम या कठीण पदार्थाची भुकटी वापरतात. १९३७ च्या सुमारास थ्रॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच भुकटी तांब्याच्या पत्र्यावर घासून पाहिली. सबंध पत्रा खरखरीत झाला, शाई धरू लागला आणि छापल्यावर मखमलीसारखा दाट काळा रंग उतरला. आता जिथे उजेड हवा तिथे पत्रा घासून गुळगुळीत करायचा. काळ्यातून उजेडाकडे जाणाऱ्या या रीतीने थ्रॅश यांनी आपल्या माणसांचे चेहरे घडवले. त्या चेहऱ्यांत काळ्याच्या इतक्या छटा आहेत की पुस्तकातल्या साध्या छपाईत त्यांतल्या निम्म्याही दिसत नाहीत. या छाप्यांना त्यांनी आपल्या आईचं, ओफेलियाचं, नाव दिलं होतं.

रॉबर्ट ब्लॅकबर्न यांच्याबद्दल तर स्वतंत्र लेख व्हावा. जमैकातून आलेल्या आई-वडिलांचा हा मुलगा हार्लेममध्ये वाढला, सरकारी मदतीवर चालणाऱ्या कलाकेंद्रात कोवळ्या वयात लिथोग्राफी शिकला आणि १९४७ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये स्वतःची कार्यशाळा उघडून बसला. कुणीही यावं, प्रेस वापरावा. गोरा-काळा, नवखा-नामवंत, देशी-परदेशी असा भेद नाही. पैशांची ओढाताण कायम. १९५७ ते १९६३ या काळात ते लाँग आयलंडच्या युनिव्हर्सल लिमिटेड आर्ट एडिशन्स या संस्थेचे पहिले मुख्य मुद्रक होते. जॅस्पर जॉन्स, रॉबर्ट राउशेनबर्ग या मातब्बरांची सुरुवातीची लिथोचित्रं तिथल्याच प्रेसवरची. त्या चित्रकारांची नावं जगभर झाली, मुद्रकाचं नाव मागे राहिलं. ब्लॅकबर्न २००३ मध्ये गेले. त्यांच्या नावाची कार्यशाळा न्यूयॉर्कमध्ये आजही चालू आहे.

चित्रकार जेकब लॉरेन्स आणि मुद्रक लू स्टोव्हल ही जोडीही अशीच. हैतीच्या क्रांतीचा नेता तूसाँ लूव्हेर्त्यूर याच्यावर लॉरेन्स यांनी विशीत ४१ चित्रं केली होती. १९८६ ते १९९७ या काळात त्यांतल्या १५ चित्रांची स्क्रीन प्रिंट वॉशिंग्टनच्या स्टोव्हल यांच्या साथीने काढली. आपल्याकडे लग्नपत्रिका छापतात तेच तत्त्व, पण प्रत्येक रंगासाठी हाताने कापलेला स्टेन्सिल.

यात महाराष्ट्राचा काय संबंध, असं कुणी विचारेल. रविवर्मांच्या छापखान्यातून, आधी मुंबईतून आणि मग मळवलीहून, निघालेल्या ओलिओग्राफांनी आपल्या आज्या-पणज्यांची देवघरं भरली होती. छापलेलं चित्र कुठवर पोहोचतं हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. फरक इतकाच की ते तैलचित्रांवरून काढलेले छापे होते. कॅटलेट किंवा थ्रॅश यांच्या बाबतीत छापा हेच मूळ चित्र. १९५२ च्याच सुमारास मुंबईत अंधेरीला राहणारे चित्तप्रसाद पोटासाठी राबणाऱ्या मुलांची चित्रं लिनोवर कोरत होते. ती मालिका आणि 'शेअरक्रॉपर' शेजारी ठेवून पाहावी. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन, हे आपण नेहमी लिहितो. पण त्या ब्लॅक पँथरच्या साप्ताहिकाची चित्रं कुणी काढली? एमरी डग्लस यांनी. बालसुधारगृहाच्या छापखान्यात ते छपाई शिकले होते. काळी शाई आणि जोडीला एखादाच रंग, एवढ्यावर ठळक, जाड रेषेची चित्रं ते करत. मागचं पान सुटं काढून भिंतीवर चिकटवता यावं अशा बेताने आखलेलं असे. पँथरच्या इतिहासावरच्या मराठी लेखनात डग्लस यांचं नाव मला फारसं आढळत नाही, याची खंत वाटते.

आता एक व्यवहाराची गोष्ट. 'फाइन आर्ट प्रिंट' म्हणून इंटरनेटवर जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं चित्राचा फोटो काढून उत्तम कागदावर इंकजेटने छापलेलं असतं. त्यात वाईट काही नाही, आणि त्याने घरात चांगलं चित्र येत असेल तर अवश्य घ्यावं. चार्ल्स व्हाइट या थोर रेखाटनकाराने १९५० च्या दशकात आपल्या सहा चित्रांच्या प्रतिकृतींचा संच मुद्दाम स्वस्तात काढू दिला होता, कष्टकऱ्यांच्या घरात लागावा म्हणून. (हेच व्हाइट पुढे लॉस एंजेलिसच्या ओटिस कलासंस्थेत शिकवू लागले आणि केरी जेम्स मार्शल त्यांचे विद्यार्थी.) पण प्रतिकृती ही प्रतिकृती म्हणूनच आणि त्या भावातच विकली जावी. मूळ मुद्राचित्राखाली सहसा पेन्सिलीची सही असते आणि १२/५० असा आकडा असतो: ५० प्रतींपैकी बारावी. भिंग लावलं तर लिनोकटात शाईचा सलग थर दिसतो, इंकजेटमध्ये बारीक ठिपक्यांची फवारणी. आकडा आणि सही मात्र इंकजेटवरही असू शकते, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. छापा कोणत्या पद्धतीचा, कधी छापला, कुणी छापला, चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना मोबदला जातो का, हे विक्रेत्याला सरळ विचारावं. ज्यांच्या श्रमाचा मोबदला पिढ्यानपिढ्या बुडवला गेला त्यांची चित्रं विनापरवाना छापून विकणाऱ्यांकडून घेऊ नयेत, असं मी कळकळीने सांगतो.

संपादक महोदय, आपल्याकडे दोन गोष्टी मागतो. पुरवणीत कोणतंही मुद्राचित्र छापलं की त्याखाली चित्रकाराच्या नावाबरोबर माध्यम, साल आणि माहीत असेल तर मुद्रकाचं नाव द्यावं. आणि महिन्यातून एकदा अर्ध्या पानावर एकच मुद्राचित्र मोठं छापून त्याबद्दल कुणा जाणकाराकडून लिहून घ्यावं. सुरुवात थ्रॅश यांच्या त्या सरकारी कार्यशाळेतल्या कामापासून करावी. त्या योजनेतली मुद्राचित्रं अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांत आणि संग्रहालयांत जपलेली आहेत, आणि परवानगीसाठी कुणाला लिहायचं ते तिथूनच समजेल. तांत्रिक बाबींत माझी मदत लागली तर मी विनामोबदला करीन.

आपला नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सातारा