ब्राझ गोन्साल्विस यांना एकच ओळ?

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत गोमंतकीय वादकांवर आलेला लेख आवडीने वाचला. ‘अलबेला’ चित्रपटाच्या (१९५१) वेळी संगीतकार सी. रामचंद्र यांच्यासोबत असलेल्या ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांना त्यात भरपूर जागा मिळाली, ते योग्यच झाले. चिक चॉकलेट यांचे जावई, सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांची मात्र ‘हॉटेलांतून वाजवणारे कलावंत’ अशी एका ओळीत बोळवण झाली, हे खटकले. कोलकात्यात पार्क स्ट्रीटवरील ब्लू फॉक्स रेस्टॉरंटमध्ये पियानोवादक लुई बँक्स आणि गायिका पॅम क्रेन यांच्या साथीने ते वाजवत असत, हे खरे. परंतु १९७० मध्ये सात वादकांच्या संचासह त्यांनी राग आणि जॅझ यांची सांगड घालणारी ‘रागा रॉक’ ही ध्वनिमुद्रिका काढली, आणि तिच्यामुळे त्यांचा विचार रचनाकार म्हणूनही व्हायला हवा.

राग आणि जॅझ एकत्र आणणे म्हणजे यमनाच्या चार ओळींखाली ड्रम वाजवणे नव्हे. रूढ जॅझमध्ये वादकाच्या पायाखालची कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) सतत बदलत असते आणि त्याचा विस्तार तिच्या कलाने चालतो. रागाला मात्र अचल षड्ज, म्हणजे न हलणारा ‘सा’, लागतो, आणि एखाद्या परक्या कॉर्डमधून वर्ज्य, म्हणजे त्या रागात न चालणारा, स्वर डोकावला की सगळा रागच विस्कटतो. एकाच स्वरसप्तकावर दीर्घकाळ रेंगाळण्याची मुभा देणारे मोडल जॅझ १९५९ च्या सुमारास अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी रुळवले, तेव्हा कुठे ही सांगड आवाक्यात आली.

वाद्याची अडचण निराळीच. मी हौसेने सॅक्सोफोन वाजवतो, म्हणून अनुभवाने सांगतो. चावी दाबली की स्वर उडी मारतो, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, आपोआप येत नाही. दरबारी रागाचा आंदोलित (झुलता) गांधार काढायचा, तर रीडखालचा (तोंडातील कंप पावणाऱ्या पातीखालचा) ओठ किंचित सैल सोडून स्वर उतरवावा लागतो. ओठ जरा जास्त ढिला पडला की स्वर फाटतो (माझा बहुतेकदा फाटतोच). असल्या वाद्यावर रागाचा विचार करणाऱ्याला नुसता ‘हॉटेलातला वादक’ म्हणणे ऐकणाऱ्याचा कान अर्धवट असल्याचे लक्षण वाटते.

लेखमालेचा पुढचा भाग निघणार असेल, तर ‘रागा रॉक’मधील एखादी रचना आरंभापासून अखेरपर्यंत ऐकून तिच्यावर लिहावे, ही विनंती. स्वरलेखनासाठी मदत लागल्यास मी आनंदाने करीन.

आपला,
एक संगीतविद्यार्थी