कथेतल्या प्रामाणिक माणसाला बोलायची मुभा नसते

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतल्या कथांमध्ये प्रामाणिक सरकारी माणूस वरचेवर भेटतो. त्याची बदनामी होते, चॅनेलवाले दारात येतात आणि तो कॅमेऱ्यासमोर खणखणीत भाषण ठोकून सगळ्यांची तोंडं बंद करतो. कथा फसते ती इथेच. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे शासकीय कामावरून झालेल्या बदनामीला उत्तर द्यायला कर्मचारी पूर्वपरवानगीशिवाय वृत्तपत्राकडे किंवा कोर्टात जाऊ शकत नाही. बोलला तर नियमभंग. गप्प राहिला तर बातमीखाली ‘संपर्क होऊ शकला नाही’ हे ठरलेलं वाक्य. एवढा आयता पेच हाताशी असताना लेखक भाषण लिहीत बसतात!

सचोटी नेमकी कुठे पणाला लागली, हेही धूसर ठेवलं जातं. ‘त्याने खोट्या कागदावर सही केली नाही.’ कोणत्या कागदावर? सिमेंट रस्ता घ्या, नागपुरात त्यासाठी लांब जावं लागत नाही. कागदावर जाडी २०० मिलिमीटर आणि कोअर, म्हणजे तपासणीसाठी रस्त्यातून कापलेला काँक्रीटचा गोल तुकडा, काढला तर निघाला १७० चा. मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी, भरायची कनिष्ठ अभियंत्याने. तिच्या पानांना क्रमांक असतात, पान फाडता येत नाही. आकडा बदलायचा तर जुना वाचता येईल अशी रेघ मारून बाजूला सही करावी लागते. तिथे १७० लिहिलं की बिल अडतं, आणि बिल अडलं की ठेकेदार पत्रकाराला फोन करतो. दुसऱ्या दिवशीची बातमी: ‘टक्केवारीसाठी अभियंत्याने बिल रोखले’. खरा आकडा लिहिला म्हणूनच माणूस लाचखोर ठरला, हे वाचकाला त्या पानावरून कळलं पाहिजे.

नागपूरच्या लेखकाकडे तर हिवाळी अधिवेशन आहे. विधान भवन गजबजलं की गल्लीतली बातमी लक्षवेधी सूचना होऊन सभागृहात जाते. तिथे आमदाराने नायकाचं नाव घेतलं, की कथेत तो लगेच अब्रुनुकसानीचा दावा ठोकतो. कसा ठोकेल? सभागृहातल्या बोलण्याला घटनेच्या कलम १९४ चं संरक्षण आहे आणि त्याचा खरा वृत्तांत द्वेषबुद्धीशिवाय छापणाऱ्या वृत्तपत्राला कलम ३६१ अ चं. प्रेस कौन्सिल वृत्तपत्राला ताकीद देऊ शकते, दंड करू शकत नाही. चॅनेल तर तिच्या कक्षेतच नाहीत. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, पण उत्तराला मुदत ३० दिवसांची. कथेत मात्र फाईल दुसऱ्या दिवशी टेबलावर हजर.

निलंबन झालं की लगेच ‘घरात चूल पेटेना’. निर्वाह भत्ता मिळतो हो, सुरुवातीला साधारण निम्मं वेतन आणि त्यावर महागाई भत्ता. दुसरा कामधंदा करत नसल्याचं प्रमाणपत्र त्यासाठी द्यावं लागतं. खरा जाच आहे तो परवानगीशिवाय मुख्यालय, म्हणजे आदेशात ठरवून दिलेलं राहण्याचं ठिकाण, न सोडण्याच्या अटीत. तोंड लपवून गावी जायची सोय नाही. तीच कॉलनी, तोच पानठेला, आणि ‘साहेब, पेपरात तुमचं काय येऊन राहिलं?’ असं विचारणाऱ्याला सगळं आधीच ठाऊक. शेजारी भांडायला येत नाहीत. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी कात्रण टाकतो आणि त्याखाली दिवसभर कुणीच काही लिहीत नाही. हे चार ओळींत जमतं. दारावर दगडफेक दाखवायची गरज नाही. (आणि संवाद कृपया पुण्याच्या मराठीत नकोत.)

शेवटी हारतुरे येतात, तेही खोटे. निर्दोष ठरल्यावर निलंबनाचा काळ कसा धरायचा, हे ठरवणारा आदेश निघतो. निलंबन ‘पूर्णतः असमर्थनीय’ होतं असं सक्षम अधिकाऱ्याचं मत पडलं, तर पूर्ण वेतन मिळतं आणि तो काळ कर्तव्यकाळ ठरतो. नाहीतर रक्कम कमी होऊ शकते. नायकाने तो आदेश उभ्या उभ्या उघडावा आणि आधी ते दोन शब्द शोधावेत. कथा तिथे थांबवली तरी चालेल.

आपला,
एक वाचक
लक्ष्मीनगर, नागपूर