काका, यादी न दिल्याबद्दल आभार

ती. काकांना, सा. न. वि. वि.

पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही "चहा घेणार का?" म्हणून विषय बदलता.

पिंक फ्लॉइड या बँडपलीकडे प्रोग्रेसिव्ह रॉकमधलं, म्हणजे रॉकच्या त्या गुंतागुंतीच्या शाखेतलं, काय ऐकू, एवढंच विचारायला मी आलो होतो. दुसऱ्या कुणीही शंभर आल्बमची यादी हातावर ठेवली असती. तुम्ही पिंक फ्लॉइडचंच 'मनी' लावलंत आणि मांडीवर मात्रा मोजायला सांगितल्यात. सात भरल्या. "रूपक ताल?" म्हटलं, तर म्हणालात, "मात्रा तेवढ्या सारख्या, चाल त्यांची." सॅक्सोफोन सातातच वाजतो आणि गिटारचा सोलो सुरू होताच गाणं चारात येतं, तेही बरोबर त्या जागी बोट वर करून दाखवलंत.

मग 'मनी'च्या 1973 वरून उलटं नेलंत. 1969 चा किंग क्रिम्झन या बँडचा पहिला आल्बम. त्यात व्हायोलिनांचा ताफा भरून येतो, पण ऑर्केस्ट्रा कुठेच नाही, आहे तो मेलोट्रॉन नावाचा कीबोर्ड! प्रत्येक पट्टीमागे टेपची एक फीत, तिच्यावर खऱ्या वाद्यांचा एकेक सूर. पट्टी दाबली की फीत हेडवरून सरकते, आठेक सेकंदांत संपते, आणि बोट उचललं की स्प्रिंग तिला मागे खेचते. तुम्ही पेटीवर सूर धरून आठ मोजलेत आणि हात उचललात. त्यानंतर मेलोट्रॉन कुठेही वाजला तरी वादकाने बोट कधी बदललं असेल, हेच मी शोधत बसतो.

तिथून 1967. मूडी ब्लूज या बँडचा माइक पिंडर आधी बर्मिंगहॅमजवळच्या मेलोट्रॉनच्या कारखान्यातच कामाला होता, हे ऐकून मी उडालोच. बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स'च्या सुरुवातीची बासरीसुद्धा त्याच यंत्रातली. प्रोकोल हारम या बँडच्या ऑर्गनमागे जुना जर्मन संगीतकार बाख आहे आणि चार्टरहाउस शाळेत जमलेल्या जेनेसिस बँडच्या मुलांच्या कानात प्रार्थनेची स्तोत्रं. या संगीताची मुळं ब्लूज संगीताइतकीच चर्चमध्येही आहेत, हे तुम्ही भाषण न देता ऐकवून पटवलंत.

कीबोर्डवादक कीथ एमर्सनवरून मात्र आपलं जमणार नाही. रशियन संगीतकार मुसोर्गस्कीची 1874 ची पियानोरचना त्याच्या रॉक बँडने 1971 मध्ये न्यूकॅसलला वाजवली, याचं तुम्हाला कौतुक. मला त्यात मिरवणूकच जास्त दिसते. त्यापेक्षा इंग्लंडातल्या कँटरबरी गावची मंडळी बरी. सॉफ्ट मशीन आणि कॅरव्हॅन, दोघेही वाइल्ड फ्लॉवर्स या एकाच बँडमधून फुटलेले, आणि दोघांच्याही वाजवण्यात जॅझचा मोकळेपणा.

इटलीचा विषय तुम्ही राखून ठेवलाय. व्हॅन डर ग्राफ जनरेटर हा इंग्लंडचा बँड, पण त्यांचा 'पॉन हार्ट्स' आल्बम पहिल्या नंबरावर गेला तो इटलीत. असं का, ते सांगितल्याशिवाय या रविवारी उठणार नाही.

कळावे, लोभ असावा.
तुमचा,
खालच्या मजल्यावरचा