बाळ्यास, लॉकवरून भांडण

एडिसन, न्यू जर्सी
१२ ऑक्टोबर

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

रविवारी एकदाचा फिलाडेल्फियाला जाऊन आलो. कॉलेजच्या कट्ट्यावर तू छातीठोकपणे सांगायचास, अमेरिकेची घटना म्हणजे सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक, कायद्याच्या भाषेत. मी गप्प बसायचो. लॉक वाचला होता कोणी! आता वाचलाय, म्हणून भांडतो.

घटना लिहिली ती खोली आपल्या शाळेच्या दोन वर्गांएवढी. टेबलांवर हिरवं कापड, समोर वॉशिंग्टनची खुर्ची, पाठीच्या वरच्या टोकाला अर्धा सूर्य कोरलेला. १७८७ च्या उन्हाळ्यात इथे ५५ प्रतिनिधी मिळून चार महिने खल चालला, दारावर पहारा ठेवून.

लॉक आहे, नाही कोण म्हणतं? पण तो जास्त १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात: उपजत हक्क, प्रजेच्या संमतीनं सरकार. राजा झुगारायला तेवढं पुरलं, राज्य चालवायला पुरेना. १३ राज्यांची पहिली मोट इतकी सैल की मध्यवर्ती सरकारला करही बसवता येईना. त्यात १७८६ ला मॅसॅच्युसेट्सचे कर्जबाजारी शेतकरी, त्यांतले कित्येक स्वातंत्र्ययुद्धात लढलेले, डॅनियल शेजसोबत उठले आणि जप्त्या थांबाव्यात म्हणून कोर्टंच बंद पाडू लागले. बड्यांची झोप उडाली.

मला भावला तो व्हर्जिनियाचा प्रतिनिधी मॅडिसन. ठेंगणा, किरकोळ तब्येतीचा, छत्तिशीचा. जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसननं पॅरिसहून पाठवलेली पुस्तकं घेऊन बसला आणि ग्रीसचे जुने संघ, स्वित्झर्लंड, हॉलंड, एकेक उलगडून कोणाचं कुठे बिनसलं याची टिपणं काढली. घटनेची तयारी सुरू झाली ती अशी शवविच्छेदनापासून! सत्तेची तीन अंगं (कायदे करणारं, राबवणारं, न्याय देणारं) वेगळी ठेवायची हे फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूचं. त्याला ते इंग्लंडात दिसलं; तिथे खरं तर तसं नव्हतंच. चुकीच्या वाचनावर एवढी इमारत उभी राहिली, याची मला अजून गंमत वाटते. मॅडिसननं पुढची पाचर मारली: नुसतं वेगळं ठेवून भागत नाही, एकाची महत्त्वाकांक्षा दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेला भिडवायची. माणसं देवदूत असती तर सरकार लागलंच नसतं, हेही त्याचंच.

‘गुलाम’ हा शब्द मात्र त्यांनी घटनेत येऊ दिला नाही. पाच गुलाम म्हणजे तीन माणसं अशी मोजदाद धरून मालकांच्या राज्यांनी प्रतिनिधिगृहातल्या जागा तेवढ्या वाढवून घेतल्या. तिथे लॉक कुठे गेला, सांग? (त्याचेही गुलामांच्या व्यापारात शेअर होते म्हणा.) जोतिरावांनी १८७३ ला ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलाम सोडवणाऱ्या अमेरिकनांना, या खोलीतल्यांना नाही.

शेवटच्या दिवशी ८१ वर्षांचा फ्रँकलिन त्या खुर्चीकडे बघून म्हणाला, आता कळलं, हा सूर्य उगवतोय. ३९ जणांनी सह्या केल्या. व्हर्जिनियाच्या मेसननं केली नाही, हक्कांची सनद नाही म्हणून. ती १७९१ ला जोडली. तिथे तुझा लॉक परत आला, तेवढं तुला सोडतो.

सविस्तर उत्तर लिही, नुसता अंगठा पाठवू नकोस. वहिनींना नमस्कार, चिमीला पापा.

तुझा,
दिन्या