कॅप्टन लक्ष्मी यांची कानपुरातील रुग्णसेवा

महोदय,

२३ जुलै हा कॅप्टन लक्ष्मी सहगल यांचा स्मृतिदिन. १९४३ मध्ये नेताजींच्या हाकेला ओ देऊन सिंगापुरातील दवाखाना सोडणाऱ्या आणि आझाद हिंद सेनेच्या राणी झाशी पलटणीचे नेतृत्व करणाऱ्या या डॉक्टर सेनानीचा पराक्रम अनेकांना ठाऊक आहे; मला मात्र त्यांचे नंतरचे आयुष्य अधिक मोठे वाटते. माजी खासदार सुभाषिनी अली यांची आई आणि दिग्दर्शक शाद अली यांची आजी झाल्यावरही, नव्वदी ओलांडेपर्यंत, त्या कानपुरात गोरगरीब रुग्ण तपासत राहिल्या. १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर वैद्यकीय पथक घेऊन भोपाळला गेल्या, तेव्हा त्या सत्तर वर्षांच्या होत्या. २०१२ मध्ये निधनानंतर त्यांच्या इच्छेनुसार देहदान झाले. त्यांच्या या रुग्णसेवेवर आपण सविस्तर लेख प्रसिद्ध करावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे